पंपातून निघालेल्या बायका

पंपांच्या कारखान्यात, नकाशांच्या खोलीत वहिनी कामाला लागली तेव्हा हेडबाबूंनी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. शाईजवळ शिंकायचं नाही आणि डोकं चालवायचं नाही. इंजिनियर पेन्सिलीने पंप काढणार. हिने त्यावर पारदर्शक कागद अंथरायचा, कोपऱ्यांना चिकटपट्ट्या मारायच्या आणि खालचं जे दिसेल ते शाईने वर उतरवायचं. बाहेरची कड जाड पेनाने, आतलं बारीक पेनाने, न दिसणारा भाग तुटक रेघेने. पाणी कुठून येतं नि कुठं जातं, ही चौकशी तिने करायची नाही. तिने केलीही नाही.

नवीनच होती तेव्हाची गोष्ट. एका इंजिनियरने नकाशावर चहाचा कप ठेवला. तळाचा तपकिरी गोल कागदावर उमटला. वहिनीने तो गोलही उतरवला, कंपासने, नीट केंद्र धरून, चांगल्या जाड रेघेत. नकाशा खाली वर्कशॉपमध्ये गेला आणि दुपारी खालून फोन आला, की पंपाच्या कुशीत हे जे मोठं भोक दाखवलंय ते आरपार पाडायचं का अर्धंच? टर्नरने लोखंड मशीनवर चढवलंसुद्धा होतं. खोली पोट धरधरून हसली. हेडबाबूंनी विचारलं, बाई, हा चहा आहे हे तुम्हाला कळलं नाही का? वहिनी म्हणाली, कळलं की, पण तुम्हीच म्हणालात डोकं चालवायचं नाही.

त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव पडलं ते जशीच्यातशी. निवृत्तीपर्यंत तेच राहिलं. ‘हा नकाशा जशीच्यातशीकडे द्या’, ‘जशीच्यातशी आज रजेवर आहे’. शेवटी संगणक आले, इंजिनियर आपले नकाशे आपणच पक्के करायला लागले, आणि वहिनी तिची नंबरांची पेनं, गोलांची पट्टी, वळणांची फळी असं सगळं बिस्किटांच्या डब्यात भरून घरी घेऊन आली. हात असा सरळ, की भिंतीवरच्या कॅलेंडरची कड त्याच्यापुढे वाकडी वाटावी. पण या हाताने स्वतःच्या मनाची एक रेघ म्हणून कधी ओढलेली नव्हती, आणि याचं तिला काही वाटतही नव्हतं. भांड्याने रांधावं तसं तिने काम केलं होतं. काय शिजतंय याच्याशी भांड्याला काय करायचंय?

घरात तीन माणसं. वहिनी, तिचा नवरा आणि नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडलेला. माणूस मऊ, बहीण आणि बायको यांच्यामध्ये राहून झालेला. बहिणीला सगळी गल्ली आत्या म्हणायची, पण वहिनीसाठी त्या वन्सं.

आत्याचा बाजारात जिन्याखाली किल्ल्यांचा गाळा होता. गाळा म्हणजे काय, एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. समोर किल्ली घट्ट पकडायचा शिकंजा, कानशींची रांग, मेणबत्ती आणि डोक्यावर हारांसारख्या लोंबणाऱ्या कोऱ्या किल्ल्या. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, बसत नव्हतं कुठलं, फिरवून पाहिलं. जिभेला कानस मारलेली. गिऱ्हाईक हरवलेल्या किल्लीची कहाणी सांगायला लागलं की म्हणायची, दुःख घरी ठेव, कुलूप इकडे दे.

किल्ली असताना तिची दुसरी काढणं हे कुणीही करतं. आत्याची ख्याती होती ती किल्ली नसलेल्या कुलपांसाठी. कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून तिला काजळी आणायची. ती कुलपात घालून हलकेच दाबून फिरवायची. आतल्या खिळ्या काजळीवर टोचतात. किल्ली बाहेर काढली की काळ्यावर चकचकीत खुणा दिसतात, केसाहून बारीक. त्या खुणेपर्यंत घासायचं. खुणेच्या अलीकडे थांबलात तर कुलूप उघडत नाही आणि पलीकडे गेलात तर किल्ली वाया. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस. असं करत करत कुलूपच आपली किल्ली सांगत जातं. आत्या म्हणायची, मी काही करत नाही, मी फक्त ऐकते आणि वेळेवर थांबते.

असा हात एका सकाळी उठलाच नाही. तोंड थोडं वाकडं झालं होतं, ते सरळ झालं. पाय ओढत होता, तो चालायला लागला. जीभ तर पहिल्या दिवसापासून ठणठणीत. पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

दवाखान्यात हातांच्या व्यायामाची एक लांबट खोली होती. तिथली मुलगी गुणी होती. चिकाटीची, हसरी, आणि पेशंटाला ओरडायचं असेल तेव्हा त्याच्या नातेवाइकाकडे बघून ओरडणारी. तिने आत्याची बोटं एकेक करून उघडली, मिटली, चेंडू दाबायला दिला, आणि काही आठवड्यांनी बोटांनी जरा जीव धरला तेव्हा पुढ्यात एक छापील कागद ठेवला. छत्री घेतलेलं बदक. म्हणाली, आत्या, आता हे रंगवायचं, रेघेच्या बाहेर न जाता.

आत्याने बदकाकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलावर पाहिलं. तिथे एक मिशीवाला ट्रकड्रायव्हर फुगा रंगवत होता आणि कुणी आपल्याकडे बघत नाही ना, हे बघत होता.

“या बदकाला त्याच्या आईकडे पोचवा,” आत्या म्हणाली. “मी बालवाडीत नाव घातलेलं नाही.”

आणि ती उठली. मुलीने समजावलं, भावाने समजावलं, काही उपयोग झाला नाही. मोठ्या माणसांसाठी काही नाही का, असं वहिनीने त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, मिळतं दुकानात. फुलांची नक्षी असते, चक्रं असतात, एक आणूनही दाखवलं होतं. आत्यांनी त्याला टेबलक्लॉथ म्हटलं.

त्यात बाजाराचे साहेब घरी येऊन गेले. माणूस वाईट नव्हता. येताना केळी घेऊन आले आणि बराच वेळ नुसते गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, बाजाराचा नियम आत्यांना ठाऊक आहेच. कारागिराच्या गाळ्यावर कारागीर स्वतःच्या हाताने काम करणारा हवा. पाटी एकाची आणि हात भाड्याचे, असं चालत नाही. जिन्याखालच्या जागेसाठी चारजण टपून आहेत. त्या चौघांना आपण पावसाळा संपेपर्यंत थांबवलंय. त्यानंतर आपल्याला आत्यांना काम करताना बघावं लागेल, नाहीतर...

नाहीतरच्या पुढचं त्यांनी केळ्यांच्या पिशवीकडे बघून गिळलं. साहेब गेल्यावर तिने डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे, एखाद्या न उघडणाऱ्या कुलपाकडे बघावं तशी बघत बसली. पहिल्यांदाच तिला बोलायला काही सुचलं नव्हतं, आणि घरातल्या दोघांना त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने बिस्किटांचा डबा खाली काढला. पेनं धुतली, शाई भरली, पाटावर कोरा कागद लावला आणि बसली. वन्संसाठी काहीतरी काढायचं, मोठ्या माणसाला लाज वाटणार नाही असं. बसली ती बसलीच. खाली दुसरा कागद नव्हता ना. आयुष्यभर खालून कुणीतरी रेघ दाखवलेली. आता कोऱ्यावर कोरा. पेन टेकवायची आणि उचलायची.

नवरा चहा घेऊन आला. आयुष्य दुसऱ्यांच्या दारात उभं राहून गेलेलं, त्यामुळे वस्तू कुठे ठेवावी याचा पोच नाही. कप ठेवला तो नेमका कागदावर. वहिनी ओरडेपर्यंत गोल उमटला होता. तो बिचारा कप उचलून तसाच उभा राहिला. वहिनीने गोलाकडे पाहिलं. मग सवयीने, खरोखर नुसत्या सवयीने, कंपास घेतला, केंद्र धरलं आणि गोल जाड शाईत पक्का केला.

गोल झाला म्हटल्यावर हाताला पुढचं माहीत होतं. असा गोल म्हणजे पंपाचं कवच. आत पाण्याला ढकलणारी पाती. वर येणारी नळी, बाजूचा जोड, त्याचे बोल्ट. दुपारपर्यंत कागदावर एक ठसठशीत पंप उभा राहिला. काढून झाल्यावर वहिनीलाच कसंनुसं झालं. पण दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तोच तिने वन्संच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

आत्याने बराच वेळ पाहिला. म्हणाली, “बाई बरी आहे, पण हिला तोंड का नाही दिलंस?”

“वन्सं, तो पंप आहे.”

“असेल. कमरेवर हात ठेवून उभी आहे बघ. तोंड काढ.”

वहिनीने कागद परत नेला. वरच्या नळीच्या टोकाला तोंड काढलं. साधंच, चेहरे कधी काढले नव्हते, त्यामुळे नाकाच्या जागी तिला जे येत होतं तेच काढलं, म्हणजे नळाचा छोटा कोपर. पण गंमत अशी की ते शोभलं. बाजूचे जोड हात झाले. पाती पोटात फिरत राहिली. आणि कागदावर अशी एक बाई तयार झाली, की जी कुणी पाहिलेली नव्हती आणि जिच्याशी वाकड्यात शिरायची कुणाची छाती झाली नसती.

आत्याने विचारलं, ही कुठली? वहिनी म्हणाली, अजून झालेली नाही. मग कधी होणार? होईल, वहिनी म्हणाली, शंभरेक वर्षांनी. आत्या म्हणाली, तोवर एकटीच उभी राहणार का, काहीतरी सोबत दे तिला. शेजारच्या कोऱ्या जागेत वहिनीने गेंडा काढला, पत्र्यांच्या तुकड्यांचा, कडांना रिव्हेट मारलेला. आत्याने उजवा हात टेबलावर आणला. बोटं पेन्सिल धरीनात. तेव्हा भावाने आपल्या जुन्या सायकलच्या मुठीवरचं रबर कापून आणलं आणि पेन्सिलीवर चढवलं. त्या दिवशी त्याने घातलेली ही एकमेव भर, पण ती मोठी होती, आणि पुढे कितीतरी दिवस तो ती सांगत होता.

आत्याने गेंडा जांभळा केला. मधेच हात निसटायचा, ती त्याला शिवी द्यायची, उचलून परत आणायची. संध्याकाळी कागद उचलून दूर धरून पाहिला. एकही रंग रेघेच्या बाहेर गेलेला नव्हता.

मग सुरूच झालं. रोज एक. हौद पाठीवर घेतलेला उंट आणि त्याची तहान मोजणारी बाई. प्रत्येक हाताला वेगळा कॉक असलेला ऑक्टोपस, आणि ते बंद करता करता वैतागलेली बाई. वटवाघळाला उलटं टांगून त्याच्या पंखांचा तंबू केलेली बाई. त्यात ती पुस्तक वाचत बसलीय. सगळ्या बायकांची पोटं भरदार होती, कारण पंपाचं कवच तसंच असतं. एकीचीही कंबर मुठीत मावणारी नव्हती. आत्याला हे फार पटलं. म्हणाली, पुढच्या काळात बायका पोटभर जेवत असणार म्हणजे.

हातांच्या खोलीत आत्या आता रुबाबात जायची. काखेत चित्रांची गुंडाळी. ट्रकड्रायव्हरने पहिल्याच दिवशी फुगा बाजूला सारला आणि विचारलं, यातलं एक मिळेल का? मग भाजल्याने बोटं आखडलेल्या आचाऱ्याने. मग एका रिटायर हेडमास्तरांनी. त्यांना बाई नको होती, नुसता प्राणी चालला असता, पण मिळाला तो बाईसकटच आणि त्यांनी बाईच आधी रंगवली. त्या मुलीने दवाखान्याच्या मशीनवर प्रती काढायला सुरुवात केली. फर्माइशी यायला लागल्या. ड्रायव्हरला चाकं लावलेला जिराफ हवा होता, बाईच्या हातात स्टिअरिंग. वहिनी घरी येऊन म्हणायची, छे गं बाई, मला कुठं येतंय. आणि शाई सुटावी म्हणून पेन हलवायला घ्यायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी फक्त वहिनीला माहीत होती. त्या पहिल्या दिवशी गेंडा काढताना तिने कड ओढली होती ती डब्यातल्या सगळ्यात जाड पेनाने, आणि तीही दोनदा. बोटाएवढी नाही, पण एखाद्या कुंपणाएवढी नक्की. वन्संचा हात थरथरून रेघेवर गेला तरी काळ्यावर रंग कुठे दिसतोय? आत्याला वाटायचं, आपण काठोकाठ रंगवतोय. ती खूश व्हायची, म्हणून जास्त वेळ बसायची, म्हणून हात खरोखरच सुधारायचा. सुधारला की वहिनी गुपचूप एक नंबर खाली यायची. नकाशांच्या खोलीत जाड-बारीक कुठे हे दुसऱ्याने ठरवून दिलेलं असायचं. इथे तिने स्वतः ठरवलं होतं. डोकं चालवलं होतं.

पण दवाखान्यात वाटायच्या चित्रांना ती साधी रेघ द्यायची. आणि एके दिवशी आत्या आपली गुंडाळी घरी विसरली. त्या मुलीने ड्रायव्हरच्या गठ्ठ्यातला एक कागद दिला, तोच जिराफ.

आत्या घरी आली. चपला काढल्या, जिराफ टेबलावर पसरला. पिवळा रंग मानेच्या दोन्ही बाजूंनी ओघळल्यासारखा बाहेर गेला होता. शेजारी तिने आदल्या दिवशीचं आपलं चित्र ठेवलं. दोन्हींवरून अंगठा फिरवला. जन्मभर केसाएवढ्या खुणा पाहिलेल्या डोळ्यांना आणखी काय सांगायला लागणार?

“माझी रेघ जाड आहे,” ती म्हणाली.

वहिनीने हातातलं पेन खाली ठेवलं.

“किती दिवस?”

“पहिल्यापासून, वन्सं.”

“म्हणजे मी बदकच रंगवत होते.”

वहिनी म्हणाली की तसं नाही, हात खरंच सुधारलाय, आधीची रेघ बघा आणि आताची बघा, मी बारीक करत आणलीय. आत्या ऐकत नव्हती. भाऊ मधे पडला, तर त्याला तिने नजरेनेच बाहेरच्या खोलीत पाठवलं.

“कुलूप मला जाड रेघ देणार आहे का?” तिने विचारलं. “साहेब समोर उभे राहणार. मी काजळी धरणार, खूण बघणार, आणि मला वाटणार मी खुणेवर आहे. असेन मी पलीकडे. तू मला दया दिलीस गं. मला माप हवं होतं.”

वहिनीला रडू आलं, पण ती रडली नाही, कारण आत्या खरं बोलत होती आणि वहिनीही चुकली नव्हती. अशा वेळी रडून काय सांगणार? ती उठली. डब्यातून सगळ्यात बारीक पेन काढलं. हे पेन फार हट्टी. टोक इतकं अरुंद की शाई सुकून अडकते, हलवून हलवून तिला वाट करून द्यावी लागते. आत एक तार असते, ती टिक टिक वाजते. कारखान्यातही ते क्वचितच वापरायचे.

ती म्हणाली, “हे सगळ्यात बारीक. याच्या खाली काही नाही.”

आत्या म्हणाली, “हलव.”

पुढचे दिवस घरात टिक टिक चालू असायची. आत्या आपल्या खोलीतून कान देऊन ऐकायची. आवाज आला नाही की विचारायची, कुठलं पेन आहे हातात? वहिनी आता बायकांच्या अंगावर यंत्राच्या कापलेल्या भागावर मारतात तशा तिरप्या बारीक रेघा मारत होती, आणि त्यातला प्रत्येक पट्टा वेगळ्या रंगाने भरायचा, अशी आत्याचीच मागणी होती. खवल्याखवल्याचा साप, त्याच्या प्रत्येक खवल्यात एक चौकट, आणि त्याला टेप लावून मोजत निघालेली एक खमकी बाई. सुरुवातीला सगळं फिसकटलं. आत्या बाहेर गेलेला प्रत्येक रंग डाव्या हाताच्या बोटाने दाखवायची आणि म्हणायची, ही किल्ली वाया, ही वाया, ही पण. मग एक दिवस तिने डोकं कागदावर वाकवून एक खवला भरला, दुसरा भरला, शेपटीपर्यंत गेली, आणि काही म्हणाली नाही. पेन्सिलीवरचं सायकलचं रबर तिने त्याच आठवड्यात काढून भावाच्या हातात दिलं. त्याने ते जपून ठेवलंय.

पाऊस सरला. साहेब म्हणाले होते तसे आले. जिन्याखालचं शटर भावाने वर केलं. आत कोऱ्या किल्ल्यांवर धूळ बसली होती. आत्या आपल्या जागेवर बसली, कानशींवरून हात फिरवला. बाजारातले लोक उगाच भाजी निवडत, उगाच घड्याळ दुरुस्तीला टाकत आसपास थांबले. हातांच्या खोलीतली मुलगी सुटी काढून आली होती. ड्रायव्हर आला होता, आचारी आला होता. जागेवर टपलेल्यांपैकी एकजण तर अगदी पुढे उभा होता. आत्याने त्याला म्हटलं, प्रकाश सोड बाबा, गाळा मिळाल्यावर उभा राहा.

साहेबांनी खिशातून कुलूप काढलं. बाजाराच्या मागच्या गोदामाचं. किल्ली कधीच हरवलेली. दार फोडायला नको म्हणून कडीच कापून काढली होती. आत्याने ते कानाजवळ धरून हलवलं. मेणबत्ती लावली.

पहिली किल्ली तिने फार वेळ घासली. वहिनी पाठीमागे उभी होती, तिला फक्त आत्याचं कोपर दिसत होतं. काजळी, कुलूप, कानस. काजळी, कुलूप, कानस. मग कोपर थांबलं. आत्याने किल्ली उजेडात धरली आणि बाजूला टाकली. एका दाताला कानस पलीकडे गेली होती. टपलेल्या माणसाने पायावरचा भार बदलला.

आत्याने वरच्या हारातून दुसरी कोरी ओढली. ती ओढताना न वळता म्हणाली, “वहिनी, वाजव.”

वहिनीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने पिशवीतून पेन काढलं. ते तिच्याकडे का होतं हे तिने पुढे कधीच नीट सांगितलं नाही. ती हलवू लागली. टिक टिक. टिक टिक. आत्याने काजळी धरली, कुलूप फिरवलं, खूण पाहिली. कानस हलकी चालली, जवळजवळ चाललीच नाही. थांबली. परत काजळी. साहेब वाकून बघायला लागले होते, ड्रायव्हरचं तोंड उघडं होतं. आत्याने शेवटचा दात कानशीने नुसता शिवला, किल्ली फुंकली, कुलपात घातली.

कुलूप उघडलं तेव्हा आवाज अगदी छोटा झाला. पण बाजारात जे ओरडणं उठलं ते पार मासळीच्या ओट्यांपर्यंत गेलं, आणि तिकडचे लोक काय झालं म्हणून सुऱ्या हातात घेऊनच धावत आले. साहेबांनी कुलूप उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहिलं, एखाद्या पोरासारखं. टपलेल्या माणसाने आत्याला नमस्कार केला आणि खिशातून आपल्या घराची किल्ली काढून विचारलं, हिची एक दुसरी मिळेल का? आत्या म्हणाली, रांगेत ये.

वहिनी पेन हलवतच होती. नवऱ्याने तिचा हात धरून थांबवला तेव्हा शाईचे शिंतोडे त्याच्या सदऱ्यावर आलेले होते.

ती चित्रं आता पुस्तकात आहेत. दवाखान्यानेच छापून घेतली, आधी आपल्या हातांच्या खोलीसाठी, मग दुसऱ्या दवाखान्यांनी मागितली म्हणून. छापखान्याचा मालक कागद वाचवायला दोन्ही बाजूंनी छापतो म्हणत होता. वहिनीने बजावलं की मागची बाजू कोरी सोडायची, रंग पाझरला तर मागच्या बाईचं तोंड खराब होईल. सुरुवातीची पानं जाड रेघेची आहेत, आणि पान उलटाल तशी रेघ बारीक होत जाते. पण आता ते लपवलेलं नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेनाचा नंबर छापलाय, आत्याच्या हुकमावरून. कुठल्या रेघेवर उभे आहोत हे माणसाला कळलं पाहिजे, असं ती म्हणते. हेडमास्तर सध्या मधल्या नंबरावर अडकलेत आणि त्याचा दोष पेन्सिलींना देतात.

शेवटचं पान सगळ्यात बारीक पेनाचं. ते काढायच्या आधी आत्याने वाया गेलेली ती पहिली किल्ली वहिनीपुढे टाकली आणि म्हणाली, आता माझी काढ. वहिनीने किल्ली कागदावर ठेवून तिच्या कडेने पेन फिरवलं, जशीच्या तशी, पलीकडे गेलेल्या दातासकट. आणि मग पेन न उचलता पुढे गेली. किल्लीचं गेंड्याच्या नाकावरचं शिंग झालं. गेंड्यावर एक म्हातारी बसली, भरदार पोटाची, पोटात पाती फिरणारी, हातात कानस, डोक्याभोवती चहाच्या कपाएवढा काचेचा गोल. खाली दुसरा कागद नव्हता.

आत्याने ते पान स्वतः रंगवलं. केस कुठल्या रंगाचे करावे यावर हातांच्या खोलीत अजून दोन तट आहेत. आत्याने आपल्या प्रतीत ते हिरवे केलेत.